मदत हवी आहे: उभं राहिल्यावर पहिल्या १५ सेकंदांतला रक्तदाब कसा पकडायचा?

विद्यार्थ्यांना रक्तदाबाचं नियंत्रण प्रत्यक्ष दाखवायचं आहे. पद्धत नेहमीचीच: ५ मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब आणि नाडी मोजायची, मग उभं करून १ल्या आणि ३ऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ती नोंद महत्त्वाची.

अडचण त्याआधीच्या क्षणांची आहे. उभं राहताच साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाच्या शिरांत साचतं, हृदयाकडे कमी परततं आणि दाब घसरतो. मानेतल्या कॅरोटिड सायनसवरचा (धमनीतल्या दाब ओळखणाऱ्या भागावरचा) ताण कमी झाला की मेंदूच्या तळाशी असलेल्या मेडुलाला ते लगेच कळतं. हृदयाचा वेग आवरून धरणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचा लगाम सैल होऊन नाडी एक-दोन ठोक्यांतच वाढू लागते. रक्तवाहिन्या आवळायला मात्र काही सेकंद जास्त लागतात, आणि खरी घसरण नेमकी याच फटीत होते. निरोगी तरुणांनाही तेव्हा क्षणभर अंधारी येऊ शकते.

स्वयंचलित कफला (दंडावर बांधायच्या फुगणाऱ्या पट्ट्याला) एक वाचन घ्यायलाच अर्धा मिनिट लागतो, तोवर दाब सावरलेला असतो. म्हणून ३ऱ्या मिनिटाचा आकडा चांगला आला तरी मी त्यावर पूर्ण भरवसा ठेवत नाही.

बोटावरचं, प्रत्येक ठोक्याचा दाब दाखवणारं यंत्र उपलब्ध नाही. पाऱ्याच्या किंवा डायलच्या उपकरणाने, कफ आधीच फुगवून, ही घसरण कोणी विश्वासार्हपणे टिपली आहे का? कफ किती दाबावर धरायचा? की फक्त ईसीजीवरून नाडीचा आलेख दाखवणंच योग्य?