शांतता समितीत नाव आलंय, तिथे खरंच काही करता येतं का?

शिवणक्लासवाली: नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावात पोलीस स्टेशनच्या शांतता समितीवर यंदा माझं नाव घेतलंय. क्लासला हिंदू-मुस्लिम दोन्हीकडच्या मुली येतात म्हणून साहेबांनीच विचारलं. परवा गणपतीची मीटिंग झाली. पुढच्या खुर्च्यांवर सगळे पुढारी, चहा-बिस्किट, "आमच्या गावात भाईचारा आहे" असं तिघाचौघांनी सांगितलं, फोटो काढला आणि पाऊण तासात सगळे उठले. मागच्या वर्षी मशिदीसमोर डीजेवरून धक्काबुक्की झाली होती त्याचा विषय कोणी काढलाच नाही, मीपण गप्प बसले आणि घरी आल्यावर फार वाईट वाटलं. शिवाय क्लासमधल्या एका मुलीच्या घरच्यांना नुसतं नाव ऐकून तीन ठिकाणी भाड्याची खोली नाकारलीये, ते तिथे बोलता येतं का? या समितीला काही अधिकार असतात का? अनुभव असेल तर सांगा प्लीज.

भिवंडीकर: ताई, आधी हो म्हणालात त्याबद्दल थँक्यू, बायका या समित्यांवर फार कमी असतात. मी भिवंडीचा, वडील पावरलूमवर होते. 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून इथे दंगल पेटली, 1984 ला परत, आणि लूम बंद तर चूल बंद, मग धर्म कुठलाही असो. 1988 ला सुरेश खोपडे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, त्यात मोठे पुढारी नाही तर गल्लीतलीच माणसं, दोन्ही समाजाची, आणि सोबत पोलीस. वडील घेऊन जायचे मला. हवालदार कांड्यांच्या खोक्यावर बसलेला आणि विषय काय तर ह्याच्या मोरीचं पाणी त्याच्या दारात येतं! पण त्या मोरीमुळेच हवालदाराला घरं माहीत झाली आणि लोकांना हवालदार. डिसेंबर 92 – जानेवारी 93 मध्ये मुंबईत दंगलीत 900 माणसं गेली, चौकशीला नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे, आणि भिवंडी तेव्हा शांत राहिली. दोनदा जळलेली भिवंडी. म्हणून सांगतो, सणाच्या आदल्या आठवड्यात बोलावलेल्या मीटिंगवर थांबू नका, दर महिन्याला गल्लीत बसा, पाणी, कचरा, पोरांची भांडणं काहीही चालेल.

वकील_सातारा: अधिकार म्हणाल तर नाही, समिती फक्त सांगू शकते, सुचवू शकते. पण एक लक्षात ठेवा, गुन्हा घडला असेल तर "समितीत मिटवून घेऊ" म्हणून एफआयआर टाळू देऊ नका. पोलीस स्टेशनला घेत नसतील तर बीएनएसएस म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्याच्या कलम 173(4) खाली एसपींना लेखी पाठवता येतं. गरीब माणसाला हे माहीत नसतं आणि मिटवण्याच्या नावाखाली नेहमी तोच दबतो. खोलीचा विषय जरूर काढा, मात्र मुलीचं नाव न घेता, नाहीतर उद्या तिलाच त्रास. आणि समितीत घरमालक असतीलच की, त्यांनाच विचारा तुमची खोली देता का म्हणून.

माहीमकर: डीजेबद्दल, आत्ताच दोन्ही बाजूच्या लोकांना समोरासमोर बसवा, वेळ आणि रस्ता ठरवून घ्या. 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली, तर मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. 2024 ला पण पुढे ढकलला, 18 तारखेला काढला. कोणी जबरदस्ती केली नव्हती, आधी बसून बोलले म्हणून झालं. मात्र दरवेळी एकाच बाजूने सरकायचं असं नको, तुमच्याकडे मंडळवाल्यांनी नमाजाची पंधरा मिनिटं आवाज बंद ठेवला तर त्यांचाही मान वाढेल.

शिवणक्लासवाली: सगळ्यांचे मनापासून आभार. भिवंडीकर दादा, मोरीचं वाचून डोळ्यात पाणी आलं, आमच्याही गल्लीत सेम भांडण चालू आहे. मंडळाच्या अध्यक्षांची बायको माझ्याकडेच ब्लाऊज शिवते आणि मशिदीच्या ट्रस्टींची सून क्लासला आहे, दोघींशी आज बोलले. रविवारी चार वाजता क्लासमध्येच बसायचं ठरलंय, मशिनी भिंतीला लावून सतरंजी टाकते. बीट हवालदारांनापण बोलावलंय. खोलीचा विषय त्याच दिवशी काढणार आहे, काय होतं ते इथे लिहिते.