प्रतिसाद: उघडे दार आणि होकार

सक्तीने राबवल्या जाणाऱ्या मजुरांबद्दल 'दार उघडे असताना ती माणसे निघून का जात नाहीत?' असा प्रश्न विचारला जातो आणि तो स्वाभाविक आहे; परंतु आधुनिक गुलामगिरीत कुलपापेक्षा न फिटणारे कर्ज, काढून घेतलेली ओळखपत्रे, अडवून ठेवलेली मजुरी आणि धमक्या हीच बंधने अधिक घट्ट असतात, आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या श्रमाची जी ११ लक्षणे सांगितली आहेत, त्यांत या चारही बाबी आहेत. 'त्यांनीच कामाला होकार दिला होता' हे म्हणणेही टिकत नाही, कारण २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलनुसार (संयुक्त राष्ट्रांचा मानवी तस्करीविरोधी करार) मानवी तस्करीत फसवून किंवा धाकाने मिळवलेली संमती ग्राह्य धरली जात नाही. कोणी असे अडकल्याची शंका आल्यास मालकासमोर विचारपूस करू नये (हा उत्साह पीडितालाच महाग पडतो). पीडिताशी एकांतात, स्वतंत्र दुभाष्यामार्फत बोलावे. सुटकेनंतर निवारा आणि बुडालेली मजुरी मिळाली नाही, तर माणूस पुन्हा त्याला कामाला लावणाऱ्या त्याच दलालाकडे वळतो.