शत्रूंना फक्त आपणच दिसतो का?

रात्रपाळीचा_राक्षस
पार्टीवाल्या अॅक्शन आरपीजींबद्दल, म्हणजे ज्यात पात्रांची टोळी लढते, त्यातल्या एकाला आपण चालवतो आणि बाकीच्यांना गेम, अशा व्हिडिओ गेम्सबद्दल डोक्यात बरेच दिवस घोळतंय ते एकदाचं बोलून टाकतो. फायनल फँटसी सेव्हन रीमेक (२०२०) घ्या. क्लाउड तलवार घेऊन पुढे, बॅरेट बंदूक घेऊन मधे कुठेतरी, एरिथ पार मागे. आता एरिथकडून मोठी जादू मारायची म्हणून मी कंट्रोल तिच्यावर घेतला, की ज्याला क्लाउड इतका वेळ बडवत होता तोच प्राणी क्लाउडला सोडून तिच्याकडे धावत सुटतो. का? तिने त्याचं काय घोडं मारलंय? अजून काठीसुद्धा उचललेली नसते तिने. मग बाकीचे दोघं काय शोभेला आहेत? माझं म्हणणं एवढंच की शत्रूने कोणाला मारायचं ते लढाई बघून ठरवावं, मी कोणाला चालवतोय ते बघून नाही.

ढालवाली
अजिबात पटलं नाही. उलटं करून बघ ना, तू क्लाउड चालवतोयस आणि सगळे शत्रू बॅरेटच्या मागे लागलेत, मग तू काय करणार? त्यांच्या पाठीवर तलवार हाणत बसणार. डॉज नाही, ब्लॉक नाही, काही नाही. अंगावर कोणी येतच नसेल तर अॅक्शन कसली डोंबलाची. आणि मुळात एरिथवर कंट्रोल घेतोसच कशाला? क्लाउडवर राहूनच कमांड मेनूतून तिला ऑर्डर देता येते, शत्रू क्लाउडला चिकटलेले राहतात आणि ती मागे निवांत मंत्र पुरा करते. यात खोट कसली, हाच तर डाव आहे.

रात्रपाळीचा_राक्षस
देता येते गं, पण त्याला तिचा एटीबी, म्हणजे लढताना भरत जाणारा गेज, भरलेला लागतो ना, आणि ज्याच्यावर कंट्रोल नाही त्याचा एटीबी रखडत रखडत भरतो. म्हणजे कंट्रोल घेतला तर मार खा, नाही घेतला तर रिकाम्या गेजकडे बघत बसा. बॅरेटला लाइफसेव्हर दिलंय, साथीदारांचा मार तो स्वतःवर घेतो, ते मस्तच आहे. पण त्याने शत्रूचं लक्ष हलत नाही, फक्त जखमेचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

जुना_हीलर
तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते एमएमओवाल्यांनी, म्हणजे खूप लोक एकत्र खेळतात ते ऑनलाइन गेम बनवणाऱ्यांनी, कधीच सोडवलंय. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (२००४) मध्ये प्रत्येक शत्रूकडे एक थ्रेटची, म्हणजे कोण किती धोक्याचा त्याची, यादी असते, डॅमेज केलात की तुमचा थ्रेट वाढतो, हील केलंत, म्हणजे साथीदाराची जखम भरलीत, की त्याच्या साधारण निम्म्याने वाढतो आणि तो समोरच्या सगळ्या शत्रूंमध्ये वाटला जातो. टँकला, म्हणजे मार खायला पुढे उभा असतो त्याला, सोडून शत्रू दुसऱ्याकडे वळायचा तर जवळून मारणाऱ्याला टँकच्या ११० टक्क्यांवर जावं लागतं, लांबून मारणाऱ्याला १३० टक्क्यांवर. त्यामुळे मेलात तर का मेलात ते कळतं, हात आवरला नाहीत म्हणून मेलात. आणि फायनल फँटसी ट्वेल्व्ह (२००६) मध्ये तर शत्रू ज्याच्यावर नेम धरून आहे त्याच्यापर्यंत लाल रेघच काढून दाखवायचे, डिकॉय नावाची जादू एकावर मारली की सगळ्या रेघा त्या एकाकडे. यापेक्षा सरळ अजून काय पाहिजे?

वाटेल_ते_बोला
सरळ आहे, पण त्यात शत्रू ठार वेडा आहे त्याचं काय? समोर डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात मढवलेला माणूस नुसता ओरडतोय आणि मागे पातळ झग्यातली बाई त्याला परत परत जिवंत करतेय, आणि हा बिनडोक लोखंडावरच नखं घासत बसतो. जरा अक्कल असती तर आधी हीलर मारला असता.

जुना_हीलर
मारला असता, आणि मग हीलर खेळायला कोण आलं असतं? तू?

एआय_वेडा
एक गोष्ट राहतेय. कोणाला मारायचं याच्याइतकंच एका वेळी किती जणांनी मारायचं हेही मोठं कोडं आहे. किंगडम्स ऑफ अॅमलर: रेकनिंग (२०१२) च्या एआय प्रोग्रॅमरने ही पद्धत नंतर लिहून मांडली होती. प्लेयरभोवती जागांचं रिंगण असतं आणि त्या रिंगणाला ठराविक क्षमता असते, प्रत्येक शत्रूला वजन असतं आणि प्रत्येक हल्ल्यालाही वेगळं वजन असतं. समजा क्षमता १२ आणि सैनिकाचं वजन ४, तर तीन सैनिक आत येणार, चौथा बाहेर घुटमळणार. आत आला म्हणून लगेच वार करता येतो असंही नाही, त्याची परवानगी वेगळी मागावी लागते. क्षमता वाढवली की तेच शत्रू आपोआप जास्त अंगावर येतात, त्यांचं रक्त फुगवत बसायला नको. मला वाटतं राक्षसला जो त्रास होतोय त्यातला निम्मा इथे आहे, एरिथभोवतीचं रिंगण लहान ठेवलं असतं तर सगळे एकदम तिच्यावर तुटून पडले नसते.

ढालवाली
हे मात्र मान्य. मागच्या माणसाला लहान रिंगण, पुढच्याला मोठं, चालेल.

राखेतला_लांडगा
शत्रूला मोकळं सोडलं की काय होतं ते एल्डन रिंग (२०२२) मध्ये बघा. लोन वुल्फ अॅशेस वापरली की मदतीला तीन लांडगे येतात, बॉस, म्हणजे समोरचा मोठा शत्रू, त्यांच्याकडे वळतो आणि तुम्ही मागून फुकटात हाणा, त्याने वळायच्या आत दोन पावलं मागे सरका. लढाई बघून टार्गेट निवडतोय ना? मग घ्या, अर्धी फाइट त्याची पाठ बघण्यात गेली. उलट एकटे लढा, जखम भरायचा फ्लास्क तोंडाला लावल्या लावल्या गॉडस्किन अपोसल हा बॉस काळा गोळा फेकतो, तेव्हा तो खरंच तुमच्याशी लढतोय असं वाटतं. मी ढालवालीच्या बाजूने.

रात्रपाळीचा_राक्षस
फ्लास्कवर गोळा फेकणं म्हणजे बटण दाबलेलं वाचणं झालं, त्यात हुशारी कसली. आणि लांडग्यांचा दोष नाही, बॉसचे वार एकट्या माणसासाठी बनवलेत म्हणून तो मधे गोंधळतो. मॉन्स्टर हंटर वर्ल्ड (२०१८) मध्ये चार जण अंगावर असतात, मॉन्स्टर मधेच कोणावरही वळतो, तरी कोणी रिकामं बसत नाही कारण त्याची शेपटी आणि उडी मधे येणाऱ्या कोणालाही लागते. वर मॉन्स्टरचं लक्ष आपल्याकडे ओढणारं चॅलेंजर मॅन्टल आहेच, ज्याला अंगावर घ्यायचाय त्याने घालावं.

ढालवाली
चार माणसं आहेत ना पण ती! प्रत्येकाला आपापली पाळी मिळते. तुझ्या पार्टीत माणूस तू एकटा, बॅरेटवर हल्ला झाला तर मजा कोणाला, बॅरेटला?

रात्रपाळीचा_राक्षस
मला. त्याला वाचवायला धावायचं असतं मला, आणि आत्ता ते काम मिळतच नाही.

ढालवाली
दुसऱ्याला सांभाळत फिरायचे मिशन लागले की सगळ्यात आधी शिव्या तूच घालत असशील.