पंचशील आपल्याकडे फसलं, मग ब्रह्मदेशाची चीनशी सीमा कशी काय ठरली?

साधा_वाचक
एमपीएससीचा अभ्यास करतोय, त्यात हे डोक्यात अडकलंय. २९ एप्रिल १९५४ ला आपण चीनसोबत पंचशील, म्हणजे शांततेने एकत्र राहायची पाच तत्त्वं, केलं, दोनच महिन्यांनी चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय रंगूनला गेले आणि ब्रह्मदेशाचे पंतप्रधान यू नूंसोबतही तीच पाच तत्त्वं जाहीर झाली. तिघंही देश नवेच, आपण १९४७, ब्रह्मदेश १९४८, कम्युनिस्ट चीन १९४९. मग आपलं १९६२ चं युद्ध झालं आणि त्यांचा सीमा करार १९६० मध्येच कसा काय झाला?

नकाशावाला
पुस्तकात नीट सांगत नाहीत पण १९५४ चा करार मुळात तिबेटच्या व्यापाराचा होता, पाच तत्त्वं त्याच्या प्रस्तावनेत आहेत. शिपकी, माणा, नीती, लिपुलेख अशा खिंडींची नावं येतात, सीमा कुठून जाते ते कुठेच नाही. आपण तिबेटमधल्या यातुंग आणि ग्यांत्सेमधले सैनिक मागे घेतले, पोस्ट-तारेची व्यवस्था देऊन टाकली, आणि सीमा ठरलेलीच आहे असं नेहरू धरून चालले. मुदत ८ वर्षं, ती १९६२ च्या जूनमध्ये संपली.
यू नू १९५६ पासून सीमेवरच बोलत होते. जानेवारी १९६० ला तेव्हाचे पंतप्रधान ने विन पेकिंगला (आताचं बीजिंग) जाऊन करार करून आले, १ ऑक्टोबरला पूर्ण तह. पिमॉ, गॉलम, कांगफांग ही गावं दिली, साधारण १५३ चौरस किमी, शिवाय ‘वा’ जमातीच्या भागातले १८९ चौरस किमी. बदल्यात इंग्रजांनी चीनकडून कायमच्या भाड्याने घेतलेला नामवानचा २२० चौरस किमी तुकडा ब्रह्मदेशाचा झाला. आणि उत्तरेला जवळपास इंग्रजांच्या काळात १९१४ ला आखलेली मॅकमहॉन रेषाच चीनने मान्य केली, फक्त ते नाव घेतलं नाही!

पानगळ
एवढं कौतुक नको हो. ती गावं उत्तर ब्रह्मदेशातल्या डोंगरी कचिन लोकांची होती, त्यांना हे अजिबात पटलं नाही, १९६१ ला तिथं बंड सुरू झालं त्याला हेही एक कारण होतं. दोन राजधान्यांनी शांतता केली आणि किंमत डोंगरातल्या माणसांनी मोजली, मला हे फार लागतं. आणि ती मैत्री तरी किती टिकली, १९६७ ला रंगूनमध्ये चिनी लोकांविरुद्ध दंगली झाल्या, नंतर चीनने तिथल्या कम्युनिस्ट बंडखोरांना उघड बळ दिलं. १९६० ला चीनला आपल्याला दाखवायला एक समजूतदार शेजारी हवाच होता, एप्रिलमध्ये चाऊ दिल्लीला आले होते ना.
बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं. २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत ते म्हणाले की पंचशील हा बौद्ध धर्माचा भाग आहे, माओंचा त्यावर विश्वास असता तर स्वतःच्या देशातल्या बौद्धांशी ते वेगळे वागले असते. ते भाषण मुळातून वाच.

साधा_वाचक
धन्यवाद दोघांनाही, कचिनांचं मला माहीतच नव्हतं. मग आपली आणि ब्रह्मदेशाची सीमा?

नकाशावाला
पानगळ, कचिनांचा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता.
आपली १० मार्च १९६७ च्या कराराने ठरली. फक्त उत्तरेचं टोक, जिथे तिन्ही देश मिळतात, ते मोकळं ठेवलं, कारण तिथे चीनशिवाय रेघ मारता येत नव्हती.