गॅलरीत किल्ला करायचाय. माती कुठून आणू आणि नंतर ती कुठे टाकू?

चौथ्या_मजल्यावरची:

नमस्कार मंडळी. वसुबारसेला सतरा दिवस उरलेत आणि आमच्या घरात राजगड करायचं ठरलंय. ठरवलंय लेकाने (वय ८) आणि सुट्टीला येणाऱ्या भाचीने (वय ११). मला फक्त कळवण्यात आलंय.

गेल्या वर्षी मी हात टेकले होते. रस्त्यावरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा रंगवलेला किल्ला उचलून आणला. दहा मिनिटांत मावळे मांडून झाले आणि पुढचे चार दिवस पोरं मोबाइलमध्ये. तो किल्ला अजून माळ्यावर पडून आहे, एक बुरूज उडालाय. घंटागाडीवर द्यायला गेले तर दादा म्हणाले, "ताई, हा ओल्यात नाही, सुक्यातही नाही, हा राडारोडा झाला." परत वर आणला. टाकवतही नाही हो, किल्लाच तो शेवटी.

यंदा मातीचाच करायचा. पण सोसायटीने पार्किंगमध्ये माती आणायला बंदी केलीय, फरशी खराब होते म्हणे. (त्याच पार्किंगमध्ये फटाक्यांचा लाल कचरा पाडव्यापर्यंत लोळत असतो, तो चालतो.) म्हणजे उरली आमची गॅलरी, चार फूट बाय अडीच. माती कुठून आणू? किती आणू? उतारावर हिरवळ कशी धरते? आणि दिवाळीनंतर चौथ्या मजल्यावरून ती माती न्यायची कुठे?

राजगडच का, तर २०२५ च्या जुलैमध्ये बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा शाळेत तक्ता लावला होता. त्यात लेकाला सुवेळा माचीचं नेढं दिसलं. डोंगराला आरपार भोक! आता भोकाशिवाय किल्ला नाही.

---

कुंडीतला_माळी:

ताई, आधी तो माळ्यावरचा किल्ला खाली काढा आणि नव्या किल्ल्याच्या पोटात घाला. तोच तुमचा बालेकिल्ला.

मी थट्टा करत नाहीये. सगळा डोंगर मातीचा भरायचा विचारही करू नका. ओली माती लिटरमागे दीड-पावणेदोन किलो भरते, आणि गॅलरी पुढे लोंबणारी असते हे विसरू नये. आतून पोकळच हवा. खाली जुनं फ्लेक्स अंथरा. मध्ये तो प्लास्टरचा किल्ला, त्याचा रंग मातीत उतरू नये म्हणून जुन्या चादरीत गुंडाळून. तीन बाजूंना पालथ्या कुंड्या, फुटकी बादली, विटा. त्या झाल्या राजगडाच्या तीन माच्या, पद्मावती, सुवेळा, संजीवनी. खोकी वापरू नका, ओली झाली की रात्रीत बसतात.

मग गोणपाट. किराणावाल्याकडे मागा, तागाचं हवं, प्लास्टिकच्या विणीचं नको. मातीचा पातळ राबडा करायचा, श्रीखंडापेक्षा जरा सैल, त्यात गोणपाट बुचकळून सांगाड्यावर टाकायचं. सुरकुत्या पडतील त्या पडू द्या, सह्याद्रीच्या घळी त्याच. पोरांना इथे मोकळं सोडा आणि तुम्ही आत जा. वरून हाताने मातीचा थर द्यायचा, त्यात मूठभर भुसा किंवा वाळकं गवत कुस्करून घाला म्हणजे भेगा कमी पडतात.

माती विकत आणायचीच नाही. वर्षभराच्या मेलेल्या कुंड्या उपसा. कमी पडली तर नर्सरीतून लाल मातीचं एक पोतं. टेकडीवरून खणून आणू नका, तिथली माती तिथेच बरी.

हिरवळीला अळीव. लोक मोहरी टाकतात, सपाटीवर ती छान येते, पण उतारावरून पाणी मारताच घरंगळते. अळीव भिजला की बुळबुळीत होतो आणि उभ्या कड्यालासुद्धा चिकटून बसतो. दोन तास भिजवून बोटाने लावायचा. तिसऱ्या दिवशी मोड दिसतात, आठवड्यात बोटभर रान. म्हणजे वसुबारसेच्या आठ दिवस आधी पेरा. लाडवांसाठी आणलेला डबा घरात असेलच.

---

चित्रकलेची_बाई:

माळीदादांनी डोंगर उभा केला, मी माणसं देते. विकतचे मावळे बहुतेक प्लास्टरचेच, आणि सगळ्यांचे चेहरे एकसारखे रागावलेले.

पूर्वी घरोघरी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या व्हायच्या, तोच लगदा घ्या. वर्तमानपत्राचे कपटे दोन दिवस भिजवून घट्ट पिळा आणि त्यात भिजवलेली मेथी वाटून कालवा. मेथीने चिकटपणा येतो आणि सहसा कीडही धरत नाही. मावळा बोटाएवढा, खाली पाय जाड, नाहीतर उभा राहत नाही. चार दिवस उन्हात. मग गेरू, हळद, आणि काळ्यासाठी कोळसा उगाळून. पाणी लागलं की रंग ओघळतो, म्हणून हिरवळीला पाणी घालताना मावळे घरात घ्यायचे. माझ्या वर्गातली मुलं त्याला "रात्रपाळी संपली" म्हणतात.

नेढ्यासाठी करवंटी. तळ फोडून आडवी बसवा आणि वरून माती थापा.

एक विनंती. मुलांचा राजगड राजगडासारखा दिसला नाही तर दुरुस्त करू नका. फक्त संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी फोटोत दाखवा आणि विचारा, दोन भिंती कशाला बांधल्या असतील? पुढे ती दोघं भांडतील. भांडू द्या.

---

नळीवाला:

कारंजं राहिलं की! सलाईनची नळी मेडिकलमधून कोरी आणा, वापरलेली कुणाकडून मागू नका. बादली खिडकीत उंच, नळी किल्ल्याच्या पोटातून, टोकाला रिकाम्या रिफिलचा तुकडा. बादली जितकी वर तितकं पाणी उसळतं, पण बादलीच्या पातळीपर्यंत कधीच पोचत नाही. यावर पोरांशी पैज लावा, जिंकाल. पाणी परातीत पडू द्या आणि तेच परत बादलीत.

---

प्रयोगशाळेतला:

प्लास्टरच्या किल्ल्याबद्दल. अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात प्लास्टर विरघळवायची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढलीय. अमोनियम सल्फेट हे खत मिळतं आणि खाली कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो. गणपतीत पुण्यात लोक घरी करतात. पण अमोनियाचा वास नाकात जातो. बंद फ्लॅटमध्ये, पोरांच्या सुट्टीत, मी नाही करणार. पोटात घालणं उत्तम, तेही दर वर्षी.

---

अण्णा_६८:

सगळं ठीक, पण आमच्या वेळी भाऊबीजेला किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून तो उडवायचो. खरी मजा ती. तुमच्या पर्यावरणात त्याचं काय?

---

चित्रकलेची_बाई:

अण्णा, चौथ्या मजल्यावर?

---

कुंडीतला_माळी:

अण्णा, झारीने पाडा. खालून पाणी मारायचं, पायथा सुटला की बुरूज आपोआप बसतो. दरड कशी कोसळते ते पोरांना पुस्तकापेक्षा लवकर कळतं. आणि ताई, घाई नको, तुळशीच्या लग्नापर्यंत राहू द्या. नंतर माती परत कुंड्यांत, गोणपाट वाळवून पुढच्या वर्षाला.

---

चौथ्या_मजल्यावरची:

आज पाडवा. राजगड उभा आहे. हकीगत लिहितेच.

पहिल्या दिवशी राबड्याचे हात पोरांनी मोरीत धुतले आणि मोरी तुंबली. हे इथे कुणीच सांगितलं नाही! आता बादलीत हात धुतो, गाळ बसू देतो, वरचं पाणी झाडांना आणि खालचा गाळ किल्ल्याला.

अळीव दुसऱ्या दिवशी सकाळी गायब. कबुतरं. निम्मा डबा त्यांनीच खाल्ला. परत लावला आणि मोड येईपर्यंत माझी जुनी ओढणी वर अंथरली. भाचीने सुवेळा माचीवर हट्टाने मोहरी लावली होती, ती सगळी परातीत जमून तळ्यात जंगल उगवलंय.

मावळे चौदा झाले. डोकी फार मोठी आहेत, तीन जण भिंतीला टेकूनच उभे राहतात. दोन भिंतींचा प्रश्न विचारला. भाची म्हणाली, एक पडली तर दुसरी. लेक म्हणाला, मधल्या जागेत शत्रू अडकवायला. दोन दिवस त्यावर लढाई चालली, मोबाइल कुणी मागितला नाही. नेढ्यातून काल पणतीचा उजेड आरपार आला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू आपणहून वर बघायला आल्या. सोसायटीच्या कमिटीत त्याच आहेत.

आता एकच अडचण. अळिवाचं रान इतकं वाढलंय की बालेकिल्ला दिसेनासा झालाय. कात्रीने भादरू का? लेक म्हणतो, हात लावायचा नाही, पावसाळ्यानंतर गडावर गवत असतंच.