कार्यालयातल्या पाच टीव्हींवर लग्न दाखवायचंय, सल्ला द्या

रंकाळाकर: काकांचं मंगल कार्यालय आहे रंकाळ्याच्या बाजूला. वर स्टेज, खाली जेवणाचा हॉल. मुहूर्ताला वर जागा पुरत नाही, निम्मी माणसं खालीच थांबतात. म्हणून कॅमेऱ्याचं एचडीएमआय (चित्र-आवाजाची वायर) नेटवर्कवरून चित्र पाठवणाऱ्या एका बॉक्सला देऊन, भिंतीतल्या कॅट-६ म्हणजे नेटवर्कच्या वायरींवरून खालच्या पाच टीव्हींना चित्र दिलं. चित्र झकास आलं. पण दोन मिनिटांत सीसीटीव्ही अडकला, वायफाय झोपलं, काका भडकले. आता काय घेऊ?

तांबडा_पांढरा: भावा, सरळ लांब एचडीएमआय वायर ओढ की.

रंकाळाकर: ६० मीटर अंतर आहे.

गल्लीतला_वायरमन: तेवढ्याला साधी एचडीएमआय चालत नाही, १०-१५ मीटरच्या पुढं चित्र तुटायला लागतं. कॅट-६ १०० मीटर जाते, त्यामुळं तुझा रस्ता बरोबर आहे. गोची नेटवर्क स्विचची आहे, म्हणजे ज्या डब्यात या सगळ्या वायरी जोडतात त्याची. फुल एचडी चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) पाठवलं तर सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट खातं. म्हणून बॉक्स ते दाबतो आणि पाचही टीव्हींसाठी मिळून एकदाच सोडतो, म्हणजे मल्टिकास्ट. साध्या स्विचला कुणी मागितलंय ते कळत नाही. तो दवंडी पिटल्यासारखं प्रत्येक पोर्टवर ओततो, कॅमेरे आणि वायफायसकट. माझं ऐकशील तर टीव्हींना वेगळा गिगाबिट (सेकंदाला १ गिगाबिट वेगाचा) स्विच टाक, जुन्याला जोडूच नको. इंटरनेट लागतच नाही याला.

रंकाळाकर: वरून खाली वायर एकच आहे हो. खालचे कॅमेरे पण तिच्यावरच. आणि आत्ता बघितलं, स्विच १०० एमबीपीएसचा, म्हणजे गिगाबिटच्या दहाव्या हिश्श्याचा निघाला.

गल्लीतला_वायरमन: झालं तर मग! वर-खाली दोन्हीकडं मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारे) गिगाबिट स्विच बसव. टीव्हींचं व्हीएलएएन (त्याच वायरीवरचं स्वतंत्र नेटवर्क) वेगळं, आयजीएमपी स्नूपिंग (ज्यानं मागितलं त्याच पोर्टला चित्र देणं) चालू, आणि एका स्विचवर क्वेरिअर (अजून कुणाला चित्र हवंय ते सारखं विचारणारा) चालू. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. मग चार-साडेचार मिनिटं चित्र छान, नंतर कुणी मागत नाही असं समजून स्विच ते बंद करतो, आणि बॉक्स खराब दिला म्हणून दुकानदाराशी भांडण. स्वस्तातल्या काही स्विचमध्ये क्वेरिअर नसतोच, घेताना विचार.

तांबडा_पांढरा: आवाजाचं पण बघ. आमच्या पाहुण्यांच्या लग्नात वर वाजंत्री सुरू झाली तरी खाली टीव्हीवर अंतरपाट तसाच!

गल्लीतला_वायरमन: चित्र दाबायला-उलगडायला अर्धा-एक सेकंद जातोच. खालचे स्पीकर बंद ठेव, आवाज टीव्हीतूनच येऊ दे.

रंकाळाकर: रविवारी एक हळद आहे, तिच्यात ट्रायल घेतो. लग्नाला एकदम हात घालत नाही, काका आधीच डोळे वटारून बसलेत.