मदत हवी आहे: साताऱ्याजवळ स्वतः रांधता येईल असं जुनं घर

नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर कासची फुलं बघायला आठ जण येतोय, तीन रात्री. हॉटेल नको. जुना वाडा, नाहीतर गोठा दुरुस्त करून राहण्याजोगं केलेलं घर हवंय, जिथे स्वयंपाक आम्हीच करू. बाबांना मधुमेह आहे, दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी लागते.

मागच्या वर्षी एका ठिकाणी (नाव नको) 'किचन आहे' म्हणाले. बघतो तर एक इंडक्शन आणि नॉनस्टिक तवा. त्यावर भाकरी काय फुगणार! त्यात लाईट गेली, मग रात्री बिस्किटं. म्हणून विचारते: गॅस, लोखंडी तवा, परात असलेलं घर कुणी स्वतः राहून पाहिलंय का? शेणाने सारवलेली जमीन चालेल, आवडेलच. पण आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे माडीचा उभा लाकडी जिना नको आणि संडास घरातच हवा.

कास साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर, म्हणून त्याच वाटेवरच्या यवतेश्वरची बाजू सोयीची वाटते. पण वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटही बघायचाय. मग वाईलाच राहावं का? त्या दिवसांत यवतेश्वर घाटात धुकं किती असतं? आणि भाजी-दूध जवळपास मिळतं, की साताऱ्यातूनच भरून न्यायचं?